थट्टेचं नातं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

हजच्या यात्रेत भांडायचं नाही, अशी सक्त ताकीद असते. शिवीगाळ सोडाच, साधी वादावादीही वर्ज्य. ऊन, गर्दी, थकवा आणि जिथे जाल तिथे रांगा. त्यात डोकं शांत ठेवणं हीच एक मोठी इबादत असते.

२००८ सालच्या डिसेंबरात मी हजला गेलो होतो. कुर्बानीच्या दिवशी मिनामध्ये डोकं भादरून घ्यायला आम्ही न्हाव्यासमोर रांग लावली होती. माझ्यापुढे दोन उंचेपुरे आफ्रिकी गृहस्थ होते. दोघेही पन्नाशी ओलांडलेले, दोघांच्याही अंगावर न शिवलेली दोन पांढरी वस्त्रं. दोघांचं काहीतरी बोलणं झालं आणि एकाएकी मागचा पुढच्यावर ओरडला. पुढचा गर्रकन वळला आणि बोट नाचवत त्यानं त्याला चांगलंच सुनावलं. मी मनात म्हटलं, झालं! इथवर येऊन या दोघांनी सगळं घालवलं. तेवढ्यात दोघेही खदखदून हसले. एकमेकांच्या हातावर टाळी दिली आणि मागचा खुशाल पुढे जाऊन उभा राहिला.

माझ्यामागे एक तरुण होता. सेनेगलचा, डाकारचा. त्याला इंग्रजी बऱ्यापैकी येत होतं. मी त्याला विचारलं, हे काय चाललंय? तो म्हणाला, “मागचा म्हणतोय, तू माझा गुलाम आहेस. धन्याच्या आधी गुलामानं डोकं भादरून घ्यायचं नसतं. पुढचा म्हणतोय, चवळी खाणाऱ्यांनी शहाण्या माणसांना शिकवू नये.”

“म्हणजे जुनी ओळख दिसते.”

“छे, आत्ताच भेटलेत. दोघे माली देशाचे. एकमेकांचं आडनाव विचारलं. एक त्राओरे निघाला, दुसरा जारा. मग काय, त्यांना एकमेकांची थट्टा करावीच लागते. नाही केली तर तोच अपमान.” एवढं सांगून तो पोरगा पुढे वाकला आणि त्यातल्या त्राओरेला त्यानंही काहीतरी टोमणा मारला. पुन्हा हशा. मग मला म्हणाला, “मी न्जाय. आमच्या देशातला न्जाय म्हणजे त्यांच्याकडचा जारा. तेव्हा हा त्राओरे माझाही गुलाम!”

त्या हशात मला माझे वडील आठवले. का आठवले, ते शेवटी सांगतो. परत आल्यावर मात्र या प्रकाराबद्दल मिळेल ते वाचत राहिलो. आज सांगायचं आहे ते त्या वाचनातून हाती आलेलं.

या प्रथेला मालीमधल्या मांदे भाषांत ‘सनंकुया’ म्हणतात. माली, सेनेगल, गिनी, बुर्किना फासो, नायजर अशा पश्चिम आफ्रिकेच्या मोठ्या पट्ट्यात ती वेगवेगळ्या नावांनी चालते. आपल्याकडेही थट्टेची नाती आहेत. दीर-भावजय, मेहुणा-मेहुणी, आजोबा-नातू. वहिनीनं दिराला टोमणा मारला तर कुणी पंचायत बोलावत नाही. ते नातंच तसं असतं. पश्चिम आफ्रिकेतल्या लोकांनी हे नातं घराबाहेर काढलं आणि कुळाकुळांत, जमातीजमातींत नेऊन बसवलं. त्राओरे आणि जारा, केइता आणि कुलिबाली, सेनेगलमध्ये जोप आणि न्जाय. या जोड्या ठरलेल्या आहेत आणि लहान पोरालाही त्या पाठ असतात.

आता याचा इतिहास. काळ तेराव्या शतकाचा. आपल्याकडे देवगिरीला यादवांचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. नायजर नदीच्या वरच्या खोऱ्यात सुंदियाता केइता नावाच्या वीरानं सोसोचा राजा सुमांगुरू याचा किरिनाच्या लढाईत पराभव केला. हे साल १२३५ च्या सुमाराचं धरतात. त्या विजयातून मालीचं साम्राज्य उभं राहिलं. याच घराण्यातला मन्सा मूसा १३२४ साली हजला गेला आणि वाटेत कैरोत त्यानं इतकं सोनं वाटलं, की तिथला सोन्याचा भाव उतरला.

पण सुंदियातापुढचा प्रश्न सोन्याचा नव्हता. नुकतेच एकमेकांविरुद्ध लढलेले सरदार, वेगवेगळ्या भाषा बोलणारी कुळं, शेतकरी, गुराखी, कोळी, लोहार, शिकारी अशी सगळी माणसं एका राज्यात आली होती. त्यांना नांदवायचं कसं? परंपरा सांगते, की कांगाबाजवळच्या कुरुकान फुगा या मोकळ्या मैदानावर त्यानं सगळ्यांना बोलावलं. कुणी काय करायचं, कुणाचं कुणाशी नातं काय, हे तिथं ठरलं. थट्टेच्या नात्यांनाही तिथंच राजमान्यता मिळाली, असं मानतात.

ही हकिगत कागदावर नव्हती, शाहिरांच्या तोंडी होती. या शाहिरांना तिकडे ‘जेली’ म्हणतात, फ्रेंच लोक ‘ग्रिओ’ म्हणतात. बापाकडून मुलाकडे आलेलं पाठांतर हीच त्यांची दप्तरं. १९९८ साली गिनीमधल्या कांकान गावी जाणते शाहीर आणि अभ्यासक एकत्र बसले आणि त्या पाठांतरातून ४४ कलमांची एक संहिता लिहून काढली. २००९ साली युनेस्कोनं मांदेच्या या सनदेची अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली. आता ही कलमं जशीच्या तशी तेराव्या शतकातली आहेत का, यावर इतिहासकारांत वाद आहेत आणि ते रास्तच आहेत. साडेसातशे वर्षं तोंडातोंडी आलेली गोष्ट वाटेत काहीतरी टाकते, काहीतरी उचलते. मला त्यातलं सातवं कलम महत्त्वाचं वाटतं. त्याचा आशय असा, की थट्टेच्या नात्यातल्या गटांत तंटा उद्भवला तरी परस्परांचा मान राखण्याचा नियम मोडता कामा नये. आणि त्यालाच जोडून म्हटलं आहे, की दीर-भावजय, आजोबा-नातू यांच्यातही सहनशीलता हाच नियम असावा. म्हणजे राज्य चालवायचं सूत्र त्यांनी घरातूनच उचललं होतं.

मी कवी. तेव्हा शाहिरांचा आणखी एक किस्सा सांगायचा मोह होतो. गिनीचे इतिहासकार जिब्रिल तामसिर नियान यांनी १९६० साली सुंदियाताची कथा एका शाहिराच्या तोंडून ऐकून छापली. त्यात असं येतं, की कुयाते या शाहीर कुळाला सगळ्या कुळांची, विशेषतः खुद्द राजाच्या केइता कुळाची थट्टा करण्याचा हक्क त्या सभेत मिळाला. ही कथा सांगणारा शाहीर स्वतः कुयातेच होता, हेही ध्यानात ठेवायला हवं! पण त्याला दुजोरा द्यावा असा एक परका साक्षीदार आहे. तो म्हणजे इब्न बतूता. आपल्या दौलताबादेला येऊन गेलेला हा मोरोक्कोचा प्रवासी १३५२-५३ मध्ये मालीच्या दरबारात होता. त्यानं लिहून ठेवलंय, की ईदच्या दिवशी तिथले कवी अंगावर पिसं चढवून, लाकडी डोकं आणि लाल चोच लावून पक्ष्यांच्या सोंगात सुलतानापुढे उभे राहतात. आणि सुलतानाला सांगतात, की या आसनावर तुझ्याआधी अमका बसला होता, त्यानं अमकं चांगलं काम केलं. तूही असं काही कर, की तुझ्यामागे लोक नाव काढतील. इब्न बतूताला ते सोंग हास्यास्पद वाटलं. मला मात्र वाटतं, राजाला चार शब्द सुनवायचे तर चोच लावलेली बरी.

ही प्रथा रोजच्या जगण्यात चालते कशी? तिकडे दोन अनोळखी माणसं भेटली, की प्रथम आडनाव विचारतात. आपल्याकडेही विचारतात, पण आपल्याकडे आडनाव कळलं की बोलणं सावध होतं. तिकडे ते मोकळं होतं. बाजारात घासाघीस करताना, बसमध्ये जागेवरून, चौकीवर पोलिसानं अडवल्यावर, आडनाव जुळलं की थट्टा सुरू. ‘चवळी खातोस’ ही सगळ्यांत लाडकी शिवी. चवळी हे गरिबाचं अन्न आणि खाल्ल्यावर पोटात वारा धरणारं, एवढाच त्यातला विनोद. तो ते हजारदा करतात आणि हजारदा हसतात.

वरवर हे पोरकट दिसतं. पण आत नियम कडक आहेत. पहिला नियम, रागवायचं नाही. दुसरा, समोरच्यालाही तेवढाच हक्क. तिसरा आणि मोठा नियम असा, की थट्टेतल्या नातलगानं मध्यस्थी केली तर त्याचा शब्द सहसा मोडायचा नाही. नवरा-बायकोचं बिनसलं, बांधावरून दोन भाऊ हातघाईवर आले, तर सनंकुयातला माणूस मध्ये पडतो. तो हसवतो, चिडवतो आणि वाट काढतो. बुर्किना फासोमध्ये मोसी आणि सामो या दोन जमातींत असं नातं आहे. मोसींच्या घरी मयत झाली की सामो येऊन प्रेत अडवतात, मेलेल्याची नक्कल करतात, चिरीमिरी घेतल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत. रडणाऱ्यांना तिथं हसू फुटतं. मालीमध्ये डोंगरकड्यावरचे दोगोन शेतकरी आणि नदीवरचे बोझो कोळी यांच्यातलं नातं आणखी गंभीर आहे. दुष्काळात उपाशी पोराला वाचवण्यासाठी एकानं स्वतःच्या मांडीचं मांस कापून दिलं, अशी त्याची कथा सांगतात. त्यामुळे त्यांनी एकमेकांचं रक्त सांडायचं नाही आणि आपसात लग्नही करायचं नाही. शिव्या मात्र मनसोक्त द्यायच्या.

मला यातली सगळ्यांत शहाणपणाची गोष्ट वाटते ती मिनातल्या त्या पोरानं सांगितलेली. आडनावांचं भाषांतर होतं! मालीचा त्राओरे सेनेगलला गेला की तो जोप होतो. जारा गेला की न्जाय होतो. परमुलखात पाऊल ठेवताच त्याला भाऊबंद मिळतात आणि चिडवायला हक्काची माणसंही मिळतात. परक्याला सामावून घेणारी समिती नको, ठराव नको. नाव सांगितलं की जागा तयार.

सेनेगलचं उदाहरण धर्माच्या बाबतीतही पाहण्यासारखं आहे. त्या देशात शंभरातले पंचाण्णवच्या आसपास लोक मुसलमान. तरी १९६० मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा पहिले राष्ट्राध्यक्ष झाले लिओपोल्ड सेडार सेंघोर, कॅथलिक ख्रिस्ती. सेरेर या छोट्या जमातीतले आणि पेशानं कवी. वीस वर्षं ते सत्तेवर राहिले. त्यांच्या मागे उभे होते ते बरेचसे सुफी पंथांचे मुसलमान पीर. १९८० च्या ३१ डिसेंबरला सेंघोर स्वतःहून पायउतार झाले आणि अब्दू दियूफ हे मुसलमान नेते त्यांच्या जागी आले. सेंघोर साधुसंत नव्हते. मामादू दिया या आपल्या जुन्या सहकाऱ्याला त्यांनी बारा वर्षं तुरुंगात ठेवलं. पण ते भांडण धर्माचं नव्हतं.

सेंघोर यांच्या जन्मगावाला, जोआलला, लागून फादियुत नावाचं बेट आहे. शिंपल्यांचं बेट. पिढ्यान् पिढ्या लोकांनी टाकलेल्या शिंपल्यांनी जमीन पांढरी झालेली. तिथून लाकडी पूल ओलांडला की दुसऱ्या शिंपल्यांच्या टेकाडावर कब्रस्तान आहे. ख्रिस्ती आणि मुसलमान तिथं एकाच मातीत, खरं तर एकाच शिंपल्यांत निजलेले आहेत. सेनेगलमध्ये गुड फ्रायडेला ख्रिस्ती घरांत बाजरीचा रवा, शेंगदाण्याचं कूट आणि गोरखचिंचेचा गर घालून ‘न्गालाख’ नावाची गोड लापशी करतात आणि मुसलमान शेजाऱ्यांकडे पातेली भरून पाठवतात. बकरी ईदला मुसलमान घरांतून मटणाचे वाटे ख्रिस्ती घरी जातात. या सगळ्यात सनंकुयाचं श्रेय किती आणि सुफी परंपरेचं किती, हे वेगळं काढता येणार नाही. पण एक दिसतं. तिथं माणसाची ओळख एकाच खुंटीला टांगलेली नसते. तो मुसलमान असतो, तसाच तो जोप असतो, सेरेर असतो, कुणाचा तरी थट्टेतला भाऊ असतो. एका नात्यात ताण आला तर दुसरं नातं हात देतं.

मित्रहो, इथवर ऐकून कुणाला वाटेल, की आफ्रिकेला शांततेचा मंत्र सापडला. तसं नाही आणि तसं सांगणं हा त्या लोकांवरच अन्याय होईल. सेनेगलच्या दक्षिणेला कासामान्स भागात १९८२ पासून फुटीर चळवळ पेटली. तिथल्या जोला जमातीचं आणि सेरेरांचं थट्टेचं नातं आहे. आगेन आणि जांबोन या दोन बहिणी होडीतून जात होत्या, वादळात होडी दुभंगली, एक उत्तरेला लागली, तिचे वंशज सेरेर. दुसरी दक्षिणेला लागली, तिचे जोला, अशी ती कथा. १९९० च्या दशकात या नात्याची आठवण देत मेळावे झाले. माणसं बोलती झाली, पण त्यानं युद्ध मिटलं नाही. मालीत तर २०१२ मध्ये उत्तर भाग बंडखोरांच्या हाती गेला आणि मग मध्य भागही पेटला. २३ मार्च २०१९ रोजी ओगोसागू या गावात दोगोन शिकाऱ्यांच्या वेशातल्या हल्लेखोरांनी दीडशेहून अधिक फुलानी गुराखी, त्यांच्या बायका, पोरं मारली. त्याच वर्षी जूनमध्ये सोबान दा या दोगोन गावावर हल्ला झाला. जमीन, चराई, पाणी यांचे जुने तंटे होतेच. त्यात स्वयंचलित बंदुका आल्या आणि सरकार तिथून हललं. बंदुकीला आडनाव विचारता येत नाही.

आणखी एक खटकणारी बाब आहे. ‘तू माझा गुलाम’ ही थट्टा दोघांनाही सारखीच करता येते, म्हणून ती गोड लागते. पण ज्यांचे पूर्वज खरोखर गुलाम होते त्यांचं काय? मालीच्या पश्चिमेला कायेस भागात आजही काही कुटुंबांना ‘गुलामांची औलाद’ म्हणून वागवलं जातं. ते नाकारणाऱ्यांवर हल्ले होतात. कांकानला लिहिलेल्या सनदेतही गुलामांना वाईट वागवू नका असं म्हटलंय, गुलामी नको असं म्हटलेलं नाही. तिथं ही थट्टा थट्टा राहत नाही. उलट उत्तर द्यायचा हक्क ज्याला नाही, त्याची केलेली चेष्टा ही मारहाणच असते.

तेव्हा या प्रथेकडून घ्यायचं काय? रॅडक्लिफ-ब्राऊन या मानववंशशास्त्रज्ञानं १९४० साली थट्टेच्या नात्यांवर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. जिथं जवळीकही आहे आणि दुरावाही, तिथं ठरवून केलेली चेष्टा दोन्ही सांभाळते, असा त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ. मला तो पटतो. शेजारी वेगळा आहे, हे सनंकुया लपवत नाही. ‘आपण सगळे एकच’ असं ती म्हणत नाही. तू चवळी खातोस, मी खात नाही, हे ती रोज मोठ्यानं बोलते. वेगळेपणाची अशी रोज तालीम झाली, की त्याची भीती उरत नाही. तंटा उभा राहतो तेव्हा बोलायला एक वापरातली वाट असते.

आता वडिलांचं सांगतो. आम्ही सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावचे मुलाणी. शेजारी अण्णांचं घर, वारकरी. रमजानच्या शेवटी चंद्र दिसायची वेळ झाली की अण्णा ओट्यावरून ओरडायचे, “काय मुलाणी, गावला का चांद? न्हायतर आमच्या परड्यात बघा, म्हशीनं खाल्ला आसंल!” आणि आषाढीला अब्बा पराच्या पलीकडून विचारायचे, “अण्णा, एकादशी आन् दुप्पट खाशी! साबुदाणा किती पायली?” दोन्ही घरांतल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. वर्षानुवर्षं तेच दोन विनोद.

१९९२ च्या डिसेंबरनंतर अण्णांनी चंद्राबद्दल विचारणं बंद केलं. गावात काही झालं नव्हतं. कुणी दगड उचलला नाही, कुणी वाईट शब्द काढला नाही. उलट अण्णा जास्तच अदबीनं वागायला लागले. ईदला येऊन शीरखुर्मा घ्यायचे, बसायचे, ख्यालीखुशाली विचारायचे. अब्बाही मग आषाढीला गप्प राहिले. एकदा मला म्हणाले, “अण्णा आता मला ‘मुलाणी भाऊ’ म्हणतात. काहीतरी बिनसलंय बघ.” मी तेव्हा पंचविशीच्या आतला होतो. अदबीनं वागणं वाईट कसं, हे मला उमगलं नाही. ते उमगायला मिनातल्या न्हाव्यापुढे उभं राहावं लागलं.

आता अण्णाही नाहीत, अब्बाही नाहीत. गेल्या आषाढीला मी गावी होतो. सकाळी अण्णांचा थोरला ओट्यावर बसला होता. मी पराशी गेलो आणि म्हटलं, “काय रे, साबुदाणा किती पायली?” तो गोंधळला. माझ्याकडे बघत राहिला. यावर हसायचं की काय करायचं, हे त्याला कळेना. मलाही क्षणभर वाटलं, चुकलंच. तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला. नव्वदीला टेकलेल्या काकू, दिसत नाही, पण कान शाबूत.

“तुमचा रोजा म्हंजे तरी काय रं, मुलाण्या? दिसा उपास आन् रातभर जेवान!”

मग तो हसला. मीही हसलो. म्हणाला, “या आत, च्या घ्या.” मी गेलो.